गळ्याचे माप

थंड पाण्यात माणसाला स्वतःची खरी ओळख पटते.

हे वाक्य बरीच वर्षे आमच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर, निळ्याशार पाण्यात तरंगणाऱ्या एका गोऱ्या माणसाच्या चित्राखाली छापलेले असे. ते मी लिहिले होते. कर्वे रस्त्यावरच्या आमच्या कचेरीत, ऐन एप्रिलमध्ये, पंख्याखाली बसून. मला पोहता येत नाही.

पोहता न येणाऱ्या माणसाने लोकांना जगभरच्या गोठलेल्या पाण्यात बुड्या मारायला का पाठवावे, असे मला माझ्या पत्नीने, सासऱ्यांनी आणि एकदा आयकर खात्यातल्या एका गृहस्थांनी विचारले होते. तिघांनाही मी सांगितले, की पंचांग विकणारा माणूस शनीवर जाऊन आलेला नसतो. पत्नी सोडून बाकी दोघांचे समाधान झाले.

मी मुळात साधा सहलवाला. आधी काशी-रामेश्वर, मग युरोप. उदारीकरण म्हणजे काय हे वर्तमानपत्रांतल्या अग्रलेखांतून मला कधी नीट कळले नाही. पण ज्यांची धाव महाबळेश्वरपुढे गेली नव्हती अशी माणसे एकाएकी स्वित्झर्लंडमध्ये मेतकूट-भात मिळेल का असे विचारू लागली, तेव्हा काहीतरी झाले आहे हे लक्षात आले. पुढे हिंजवडीची मुले येऊ लागली. त्यांनी युरोप कंपनीच्या खर्चाने पाहिलेला असे. त्यामुळे त्यांना तिथे जाण्यात रस नसे आणि तिथून आल्यावर सोसायटीत सांगण्यासारखेही काही उरलेले नसे.

त्यांपैकी एकजण एकदा टेबलावर कोपरे टेकून म्हणाला, "लेलेकाका, अंदमान नको हं. अंदमानात आमच्या मॅनेजरची सासू डाइव्ह करून आली."

"मग कुठे जायचंय?"

"थंड पाण्यात. जिथे कोणी जात नाही."

"कोणी जात नाही त्याला काही कारण असेल."

"तेच तर काका!"

असा हा धंदा सुरू झाला. मी नकाशे मागवले, परदेशी मासिके वाचली आणि वर्षभरात या विषयातला पुण्यातला तज्ज्ञ झालो. दुसरा कोणी नव्हताच. आइसलंडमध्ये जमिनीचे दोन प्रचंड तुकडे एकमेकांपासून दूर सरकताहेत, त्यांच्यामधल्या भेगेत हिमनदीचे वितळलेले पाणी भरलेले आहे. ते इतके स्वच्छ असते की त्यात पाहण्यासारखे काही राहिलेलेच नाही. मासासुद्धा क्वचित. तरी सर्वांत जास्त मागणी त्याला. स्कॉटलंडच्या उत्तरेला एका उपसागरात पहिल्या महायुद्धानंतर जर्मन खलाशांनी स्वतःच बुडवलेल्या युद्धनौका आहेत. तिथे पाणी गढूळ आणि जेवण त्याहून वाईट. सैबेरियात बैकल सरोवराच्या बर्फाला करवतीने भोक पाडून खाली उतरतात आणि कमरेला दोर बांधतात, कारण भोक पुन्हा सापडले नाही तर वर निघायला दुसरा रस्ता नसतो. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याला माणसाहून मोठे ऑक्टोपस आहेत, ते लाजाळू असतात. नॉर्वेच्या उत्तरेला समुद्र डोंगरांमध्ये आत घुसलेला असतो, त्या चिंचोळ्या खाड्यांत हिवाळ्यात मासळीच्या मागे देवमासे येतात. हे सगळे मी गिऱ्हाइकांना डोळे मिटून सांगत असे. डोळे उघडे ठेवून सांगण्यासारखे मी काही पाहिले नव्हते.

आता धंद्याची थोडी माहिती सांगतो, ती पुढे लागेल.

बुडी मारणाऱ्याचे सूट दोन जातींचे. एक ओला, त्यात थोडे पाणी शिरते आणि अंगाच्या उबेने कोमट होते. अंदमानला, मॅनेजरच्या सासूला, तो पुरतो. दुसरा कोरडा. त्यात पाणी शिरूच द्यायचे नाही. पावलांपासून मानेपर्यंत माणूस एका पिशवीत असतो आणि पिशवीत हवा असते. पिशवीला तीन तोंडे: दोन मनगटे आणि एक गळा. तिन्ही ठिकाणी पातळ रबराची पट्टी कातडीला घट्ट बसते, फुग्याच्या तोंडासारखी. या रबराच्या आणि कातडीच्या मध्ये काहीही येता कामा नये. केस नको, गळ्यातली साखळी नको, साधा दोरा नको. उबेसाठी आत जे काही घालाल ते पट्टीच्या अलीकडेच संपले पाहिजे. बर्फाच्या पाण्यात गळा उघडा ठेवायचा, हा या धंद्यातला पहिला नियम.

पुण्याच्या माणसाला हे पटवणे फार अवघड. आपल्याकडे थंडी कानातून आणि गळ्यातून शिरते अशी पक्की समजूत. डिसेंबरात सकाळी पर्वती चढणारे लोक खाली अर्धी चड्डी आणि वर मफलर-कानटोपी अशा वेषात दिसतात ते उगीच नाही.

आमचे प्रशिक्षण वारज्याच्या एका तलावात चाले. तलाव म्हणजे पोहण्याचा, फरशीचा. शिकवायला पवार सर होते, नौदलातून निवृत्त झालेले पाणबुडे. त्यांचा पुण्यातल्या पाण्यावर आक्षेप होता. "लेले, हे पाणी नाही, काढा आहे," असे म्हणत ते मंडईजवळच्या बर्फवाल्याकडून लाद्या आणवीत. लाद्या भुश्यात आणि गोणपाटात गुंडाळून टेम्पोतून येत आणि तलावाशेजारच्या सिमेंटच्या हौदात पडत. त्या हौदात मुलांना एकेक करून बसवले जाई. शेजारच्या सोसायटीतले आजोबा कठड्याला टेकून रोज पाहत. एकदा त्यांनी विचारले, "काय हो, यांना टिकवायचंय का?"

पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून खुणा. अंगठा आणि तर्जनीचे कडे केले की ओके. ही खूण प्रश्नही आहे आणि उत्तरही. वाटाड्या कडे करून विचारतो, तुम्ही कडे करून सांगता. आडवा पंजा डुलवला म्हणजे काहीतरी बिघडले आहे. अंगठा वर म्हणजे वर चला, आणि एकजण वर निघाला की सगळ्यांनी निघायचे.

आमची मुले कडे उत्तम करीत. पंजा मात्र कोणी डुलवत नसे. एकदा हौदात एका मुलाचे ओठ जांभळे झाले होते. पवार सरांनी कडे करून विचारले, त्याने कडे केले. पुन्हा विचारले, पुन्हा कडे. सरांनी त्याला काखेत धरून बाहेर ओढला.

"ओके काय ओके? आरशात बघ जाऊन तोंड!"

मुलगा दात वाजवीत म्हणाला, "सर, मॅनेज होत होतं."

"मॅनेज करायला तू हपिसात आहेस का? थंडी वाजली की वाजली म्हणायचं. लाज कसली त्यात?"

सरांना ते कळले नव्हते, मला थोडे कळत होते. ही मुले संध्याकाळी अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाशी फोनवर बोलत, तेव्हा काम झालेले असो वा नसो, "नो इश्यूज" म्हणत. पलीकडून "ओके?" आले की इकडून "ओके" गेले पाहिजे, याचाच त्यांना पगार होता. माझ्या कचेरीत बसूनही ती फोन घेत, म्हणून मला माहीत.

गिऱ्हाइके नाना तऱ्हेची येत. एक गृहस्थ आइसलंडच्या भेगेत उतरून एक हात युरोपला आणि एक अमेरिकेला लावलेले छायाचित्र घेऊन आले आणि ते दिवाणखान्यात लावल्यापासून शेजाऱ्यांशी बोलेनासे झाले. निवृत्त मुख्याध्यापिका गोगटेबाई बैकलच्या बर्फाखाली जाऊन आल्या. शेकोटीजवळ त्यांना तिथल्या वाटाड्याने कसे वाटले असे विचारले. बाई म्हणाल्या, "छान आहे. पण सिंहगडावरच्या देवटाक्याचं पाणी याहून गोड." दुभाष्याने त्याचे काय केले कोणास ठाऊक, वाटाड्याने टोपी काढून नमस्कार केला.

हे सांगून थांबता आले असते तर हा लेख मला सोपा गेला असता.

निखिल मेश्राम आमच्याकडे आला तेव्हा तिशीच्या आतला होता. मूळचे भंडाऱ्याकडचे बौद्ध कुटुंब. वडील लवकर गेले. आई सुमनताई सरकारी कचेरीत नोकरीला होत्या, त्यांनी एकटीने त्याला वाढवले, शिकवले आणि निवृत्त झाल्यावर त्याच्याबरोबर वारज्याला राहायला आल्या. निखिलच्या कंपनीतल्या सातआठजणांनी नॉर्वेला जायचे ठरवले. ठरवले म्हणजे निखिलने ठरवले. उरलेल्यांना त्याने तयार केले, सुट्ट्या मिळवून दिल्या, कंपनीच्या मासिकात आधीच लेखही दिला. तो त्यांचा म्होरक्या होता.

हौदात मात्र सर्वांत आधी त्याचेच दात वाजत. मी म्हणालो, "निखिल, तू थंडीचा कच्चा दिसतोस. मालदीवला का नाही जात?"

"काका, मालदीव काय, कोणीही करेल," तो म्हणाला, आणि पुन्हा हौदात बसला.

मंडळी निघाली ती वारज्याच्या पुलाखालून, मुंबईच्या बसने. मी निरोपाला गेलो होतो. सुमनताई तिथेच मला पहिल्यांदा भेटल्या. ठेंगण्या, पांढऱ्या साडीतल्या, हातात वर्तमानपत्रात बांधलेले एक पुडके. त्यात त्यांनी विणलेला स्वेटर होता. मोरपंखी, जाड, उंच गळ्याचा.

"आई, तिकडे सगळं देतात गं. स्पेशल असतं."

"असू दे. स्पेशलच्या आतून घाल."

"मला हसतील सगळे."

"हसू दे. गार पडलास तर ते येणार आहेत का पांघरूण घालायला?" असे म्हणून त्यांनी त्याच्या बॅगेची चेन उघडली, पुडके आत कोंबले, चेन लावली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, भंडाऱ्याला हिवाळ्यात हा अंथरुणातून निघत नव्हता जी. आणि चालला बर्फात." बस सुटल्यावर खिडकीकडे बघून त्यांनी आपल्या गळ्याभोवती हात फिरवला. गळा झाक, अशी ती खूण होती. निखिलने आतून कडे करून दाखवले. ओके.

चौथ्या-पाचव्या दिवशी दुपारी मला फोन आला. निखिल पाण्यात गेला होता आणि वर आणल्यावर शुद्धीवर आला नव्हता.

नॉर्वेला मी गेलो, कारण कोणीतरी जायला हवे होते आणि त्यांच्या कंपनीतले जे जाऊ शकत होते त्यांची सभा चालू होती. निघण्याआधी वारज्याला गेलो. घरात पांढरे कपडे घातलेली माणसे दाटीने बसली होती. सुमनताई रडत नव्हत्या. मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, एकच पाहून या. त्यानं स्वेटर घातला होता का, आणि त्या स्वेटरानं काही झालं का. एवढंच मला पाहिजे. बाकी लोक सांगतीलच."

ज्या समुद्राची मी इतकी वर्षे विक्री केली तो मी तेव्हा प्रथम पाहिला. काळा होता. दोन्ही बाजूंना उघडे डोंगर, धक्क्यावर माशांचा वास, आणि दुपारीच दिवे लागलेले. माहितीपत्रकातला निळा रंग कुठून आणला होता कोण जाणे.

वाटाड्याचे नाव एरिक. चाळिशीचा, आडव्या हाडाचा माणूस. त्याने मला धक्क्यावर उभे करून सगळे सांगितले, आणि जे सांगितले त्यात स्वतःचा बचाव केला नाही म्हणून माझा त्याच्यावर विश्वास बसला. होडीत त्याने प्रत्येकाच्या गळ्याची पट्टी स्वतः बोट फिरवून पाहिली होती. निखिलच्या अंगात आत लोकरीचा स्वेटर होता, त्याची कॉलर दुमडून नीट खाली दाबलेली होती. लोकर चालते, गळा मोकळा असला म्हणजे झाले. गळा मोकळा होता. मग एरिक पुढच्या माणसाकडे वळला. वारा फार होता.

पुढचे निखिलचा जोडीदार केदार याने सांगितले. पाण्यात दोघादोघांची जोडी असते. केदार त्याच्याच कंपनीतला, हौदात त्याच्याशेजारी बसणारा. हॉटेलच्या खोलीत तो भिंतीकडे तोंड करून बोलत होता.

"काका, होडीत तो कुडकुडत होता. त्याने पट्टीखाली बोट घातलं आणि कॉलर वर ओढली. मी बघितलं. मला वाटलं खाजवतोय."

"आणि पाण्यात गेल्यावर?"

"एरिकने विचारलं, ओके? त्याने ओके केलं. मी विचारलं, त्याने ओके केलं. थोडं खाली गेल्यावर परत विचारलं. काका, त्याच्या आत पाणी चाललं असणार तेव्हा. चार अंशाचं पाणी पाठीवरून उतरत असणार. आणि तो ओके करत होता."

"वर का नाही निघाला?"

केदारने भिंतीचा रंग नखाने खरवडला. मग म्हणाला, "एक वर आला की सगळे वर. त्यानेच आणलं होतं ना सगळ्यांना."

सुटातल्या हवेची जागा पाणी घेत गेले, निखिल जड होत गेला. हवा भरायचे बटण असते, पण बोटांना ते दाबता येईना. धाप लागली, तोंडातली नळी सुटली. एरिकने त्याला वर आणले आणि जे करायचे ते सगळे केले. शेवटच्या वेळी विचारले तेव्हाही निखिलने कडे केले होते, केदार म्हणाला. फक्त नंतर बोटे उघडली नाहीत.

दवाखान्यात स्वेटर कात्रीने कापून काढला होता. त्यांनी तो धुऊन, वाळवून, एका पिशवीत घालून माझ्या हाती दिला.

पुण्यात वैकुंठ स्मशानभूमीत सगळे पार पडले. काही दिवसांनी घरी जलदान विधी झाला. भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील म्हटले, भांड्यातले पाणी दुसऱ्या भांड्यात धारेने ओतले जाताना सुमनताई त्या धारेकडे टक लावून पाहत होत्या. त्या दिवशी विचारायला त्यांना उसंत मिळाली नाही आणि मी ती मिळू नये असे पाहिले.

त्यानंतर कंपनीने शोकसभा घेतली. हिंजवडीला, काचेच्या इमारतीत. वातानुकूलन इतके जोरात की म्हाताऱ्या मंडळींनी पदर आणि रुमाल डोक्यावर घेतले. एका मोठ्या साहेबांनी इंग्रजीत भाषण केले. निखिल सीमा ओलांडणारा होता, म्हणाले. आवडीचे काम करताना गेला, असे भाग्य किती जणांना लाभते, म्हणाले. मग आवारात एक रोप लावले, आणि ते लावून होताच छायाचित्रकाराचे समाधान न झाल्याने पुन्हा उपटून लावले. व्यासपीठामागे निखिलचा मोठा फोटो होता आणि त्याखाली फूटभर उंच अक्षरांत एक वाक्य: थंड पाण्यात माणसाला स्वतःची खरी ओळख पटते.

मी सुमनताईंच्या शेजारी बसलो होतो. त्यांनी ते वाक्य वाचले, आणि मला विचारले, "हे कोणी लिहिलं जी?"

"मी."

"असं," त्या म्हणाल्या, आणि डोक्यावरचा पदर गळ्याभोवती घेतला.

दुसऱ्या दिवशी मी पिशवी घेऊन वारज्याला गेलो. घरात त्या एकट्याच होत्या. कोनाड्यात बुद्धाची लहानशी मूर्ती, शेजारी निखिलचा फोटो, खिडकीत विणकामाची टोपली. त्यांनी पिशवी उघडली, स्वेटराचे तुकडे मांडीवर घेतले आणि शिवण पाहावी तसे कडेने बोट फिरवत गेल्या.

"म्हणजे घातला होता."

"हो."

"ओली लोकर जड होते भाऊ. मी धुते ना, बादलीतून निघत नाही. त्या वजनानं तर तो…"

"नाही," मी म्हणालो. "पाण्याच्या आत ओल्या लोकरीला वजन नसतं म्हटलं तरी चालेल. बाहेर काढल्यावर असतं."

हे खरे होते, आणि मला तिथे थांबता आले असते. घरून निघताना तसे ठरवलेही होते. कॉलरचे त्यांना सांगायचे नाही, असे माझ्या पत्नीने, पवार सरांनी आणि केदारने वेगवेगळे बजावले होते. तिघेही शहाणी माणसे. सुमनताईंनी तुकडे खाली ठेवले.

"मग कशानं?"

मी रिकाम्या पिशवीची घडी घालू लागलो.

"भाऊ, सगळे मला सांगून गेले, आवडीचं काम करताना गेला. त्याला थंडीची आवड नव्हती. मी आई आहे, मला माहीत नाही का? तुम्ही तिथे जाऊन आलात. तुम्हीपण तेच सांगणार असाल तर चहा घ्या आणि या."

मी सांगितले. रबराची पट्टी म्हणजे काय, ती कुठे बसते, मध्ये काही आले तर काय होते. वारा होता, त्याने कॉलर वर ओढली. ती पट्टीखाली गेली, तिथून पाणी शिरले. हेही सांगितले की पाणी शिरल्यावर वर यायला वेळ होता आणि तो आला नाही, विचारले तेव्हा ठीक आहे म्हणाला. कॉलरपेक्षा ते मोठे कारण, असे मी म्हणालो. ते मला आजही तसेच वाटते. पण सांगताना माझा आवाज समजूत घालणाऱ्या माणसासारखा झाला असावा, कारण त्यांनी हात वर करून मला थांबवले.

शेजारच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

"कॉलर किती गेली होती आत?" त्यांनी विचारले.

"बोटभर."

"दुमडून दोन बोटं होती." त्यांनी गळ्याचा तुकडा हातात घेतला, ताणला, सोडला. "उलटसुलट विणीची होती, म्हणून ओढली तशी आली. सैल ठेवली होती मी. गळ्याशी घट्ट त्याला सोसत नव्हतं, लहानपणापासून." मग तुकडा तसाच हातात धरून म्हणाल्या, "मीच सांगितलं जी त्याला. गळा झाक म्हणून. तुम्ही होता ना तिथे."

"होतो."

"त्यानं ऐकलं."

पंधराएक वर्षे मी लोकांच्या शंकांना उत्तरे देण्याच्या धंद्यात होतो, शाकाहारी जेवणापासून देवमाशांपर्यंत. सुमनताई उठल्या, चेहरा धुऊन आल्या. आता जा म्हणतील असे वाटले. त्यांनी टोपलीतून शिंप्याची टेप काढली आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"ती पट्टी कुठून कुठपर्यंत असते? दाखवा."

मी माझ्या गळ्यावर बोट ठेवून दाखवले. त्यांनी माझ्या गळ्याभोवती टेप धरली, मग खांद्यांवर, मग हात सरळ करायला लावून मनगटापर्यंत. "हातालापण असते ना? किती वर?" मी दाखवले. त्यांनी माझ्या मनगटाच्या वर चार बोटे ठेवून पाहिली. त्यांचे हात अगदी कोरडे आणि गरम होते. कशासाठी म्हणून मी विचारले नाही. चहा घेतला आणि आलो.

माहितीपत्रकातले ते वाक्य मी काढून टाकले. त्या जागी छापले: सुटाच्या आतील कपड्यांना उंच गळा नसावा. या वाक्याबद्दल मला कोणीही, कधीही, काही विचारले नाही. वरच्या चित्राबद्दल मात्र विचारत. आणखी काही वर्षे धंदा चालला, मग मुले संगणकावरून परस्पर सगळे ठरवू लागली आणि माझी गरज संपली. पवार सरांचा हौद बुजवून तिथे सोसायटीने गाड्या लावायची जागा केली. केदार नोकरी सोडून सांगलीला गेला, असे ऐकतो.

पुढच्या हिवाळ्यात सुमनताई कचेरीत आल्या. बसल्या नाहीत. वर्तमानपत्रात बांधलेले पुडके टेबलावर ठेवले.

"तुम्ही जाता ना तिकडे थंडीत, माणसांना घेऊन. म्हणून."

मी उघडून पाहिले. मोरपंखी. तोच स्वेटर उसवून पुन्हा विणलेला. कात्री फिरली होती, त्यामुळे लोकरीचे तुकडे झाले होते, आणि ते जोडलेल्या गाठी आतल्या अंगाला जागोजागी होत्या. बाहेरून एकही दिसत नव्हती.

"घालून पाहा," त्या म्हणाल्या. मी शर्टावरूनच घातला. त्यांनी गळ्याच्या कडेने बोट फिरवले, अगदी एरिकने धक्क्यावर मला करून दाखवले होते तसे, सगळीकडून. मग दोन्ही मनगटे पाहिली.

"आता पाणी जाणार नाही," त्या म्हणाल्या, आणि गेल्या.

मला पोहता येत नाही हे मी त्यांना सांगितले नाही. स्वेटर अजून आहे, दर हिवाळ्यात बाहेर काढतो. गळा खोल आहे, बाह्या मनगटाच्या चार बोटे वर संपतात. सकाळी फिरायला जाताना घातला तर गळ्याला वारा लागतो.